बर्तन बाजारामागचं कोरीव पाट्यांचं दुकान आणि ‘फरिश्ता-सिफत’

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानवाल्या काकांनीच हात जोडून सांगितलं, "ताई, नाव टाकू नका. आम्ही दोघंच आहोत, गर्दी झाली तर हात बिघडेल." म्हणून फक्त खूण सांगते. इंदूरच्या राजवाड्याकडून बर्तन बाजारात शिरलं की पितळी पातेली आणि तांब्याच्या हंड्यांच्या दुकानांमधून एक अरुंद बोळ निघतो. त्या बोळात एक लाकडी जिना आहे. वर गेलात की दारावर निळ्या रंगात ‘शील्ड, शिक्के, कोरीव पाट्या’ एवढंच लिहिलेलं दिसेल. तेच.

मी तिथून नऊ बाय बारा इंचाची पितळी पाटी करून घेतली. दोन ओळी मराठी, एक ओळ उर्दू. 3,400 रुपये आणि 11 दिवस लागले. पाटी उत्तम झाली आहे. पण हे लिहायला बसले ते पाटीपेक्षा तिच्यावरच्या एका शब्दासाठी. तो शब्द मी घेऊन गेले नव्हते, तो मला त्या दुकानात मिळाला.

आधी पाटी कुणासाठी ते सांगते. आमच्या नानांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचाही जवळजवळ गेली. मालवा मिलमध्ये हिशेबनीस म्हणून आयुष्य काढलेला माणूस, पैन् पै तोंडपाठ, आणि आता पाणी मागायलाही शब्द सापडेना. रात्रीसाठी सिस्टर ठेवायची ठरलं तेव्हा आपा आल्या. रात्री आठ ते सकाळी आठ, चौदा महिने. दर दोन तासांनी नानांना कुशीवर वळवायचं, पाठीला तेल-पावडर, नळीतून पेज, चादर ओली झाली तर रात्रीच बदलायची. चौदा महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला एक जखम झाली नाही. ज्यांच्या घरात असं दुखणं होऊन गेलंय त्यांना या एका वाक्याचा अर्थ कळेल, बाकीच्यांना समजावून सांगता येणार नाही. नानांना पुढेपुढे एकच शब्द स्पष्ट म्हणता यायचा. संध्याकाळी साडेसात झाले की दाराकडे बघून विचारायचे, "आली?"

नाना गेले. वर्षश्राद्धाला आपांना बोलवायचं आणि त्यांच्या हातात काहीतरी द्यायचं असं आईच्या मनात होतं. पैसे त्यांनी घेतले नसते, साडी-शाल त्यांना खूप घरांतून मिळते. दादा म्हणाला, "तू मानपत्रं लिहितेस ना, मग आपांना का नाही?" खरं होतं. रामबागेतल्या आमच्या मंडळासाठी मी बावीस वर्षं मानपत्रांचा मजकूर लिहीत आलेय. ऋजू, निगर्वी, सेवाभावी, अजातशत्रू, प्रसिद्धिपराङ्मुख: हे शब्द माझ्या हाताखालून इतक्यांदा गेलेत की आता त्यांना कुणाचा चेहराच उरलेला नाही. आपांसाठी त्यातला एकही नको होता.

मी पहिल्यांदा लिहिलं ‘देवमाणूस’. मराठी माणसाच्या तोंडी हाच शब्द आधी येतो. कुणी काही न मागता आपलं करून गेला की आपण म्हणतो, अगदी देवमाणूस. पण लिहून झाल्यावर तो कागदावर अडखळला. बोलताना आपण बाईलाही देवमाणूस म्हणतो, "त्या म्हणजे देवमाणूस होत्या" हे वाक्य कुणाला खटकत नाही. पितळेवर ‘देवमाणूस आपांना’ असं कोरलेलं डोळ्यांपुढे आणलं की मात्र त्यात एक मिशीवाला पुरुष दिसायला लागतो. बाईसाठी आपल्याकडे वेगळी रांग आहे: देवी, माउली, लक्ष्मी. इंदूरमध्ये ‘देवी’ म्हटलं की एकच, अहिल्यादेवी, आणि राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. विद्यापीठाच्या नावात त्या, विमानतळाच्या नावात त्या. ते बिरुद दुसऱ्या कुणाला लावायला माझा हात धजत नाही. ‘लक्ष्मी’ सुनेला म्हणायचं. ‘माउली’ जवळ आला होता, पण आपांना त्याचा अर्थ मलाच समजावून द्यावा लागला असता.

मग ‘देवदूत’. वर्तमानपत्रांत हा शब्द फार दिसतो. अपघातातून कुणी कुणाला बाहेर काढलं की ‘देवदूत ठरला’. माझी पेन्सिल इथे थांबली ती वेगळ्या कारणानं. आजारी माणसाच्या घरात ‘दूत’ या शब्दाला आमच्याकडे एकच विशेषण जोडलं जातं. नाना शुद्धीवर असते आणि त्यांच्या उशाशी दूत आलाय असं मी म्हटलं असतं, तर त्यांच्या डोक्यात आधी रेडा आला असता. शिवाय मला वाटतं, हा शब्द मराठीच्या तोंडात कधी नीट बसलेलाच नाही. आपण काय म्हणतो? ‘देवासारखा धावून आला.’ आपल्या गोष्टींत देव निरोप्या पाठवत नाही, स्वतः येतो. जनाबाईबरोबर दळायला बसतो, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी भरतो, दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरला पैसे भरून येतो. दळण, पाणी, उधारी. ज्या भाषेत देवच घरकामाला येतो तिला दूताची गरज कशाला पडावी?

गीतेचा सोळावा अध्यायही काढून बसले. सुरुवातीच्या तीन श्लोकांत दैवी संपत्तीचे 26 गुण सांगितले आहेत. अभय, दान, दया, क्षमा, मार्दव हे माहीत असतात, पण मी थबकले ‘अपैशुन’पाशी. पैशुन म्हणजे चहाडी, दुसऱ्याच्या पाठीमागे त्याचं उणं सांगणं. ते न करणं म्हणजे अपैशुन. आपा बारा-पंधरा वर्षं इंदुरातल्या घराघरांत रात्री काढताहेत. कुठल्या घरात सुना बोलत नाहीत, कुठला मुलगा बापाच्या औषधाचे पैसे मोजतो, सगळं त्यांनी पाहिलंय. चौदा महिन्यांत दुसऱ्या घराचं एक अक्षर आमच्या घरात सांडलं नाही, आणि म्हणूनच आमच्या घरातलं कुठे सांडलं नसणार याची मला खात्री आहे. हा गुण दैवी गुणांच्या यादीत दया आणि मार्दव यांच्या शेजारी बसवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. पण पाटीवर ‘अपैशुनशील’ कोरून कुणाला काय कळणार?

दादानं तेवढ्यात एक काम केलं. घाई झालीय म्हणून ‘फरिश्ता आपांना’ असा मजकूर एका चकचकीत दुकानात देऊन आला, आपांना मराठी वाचता येत नाही म्हणून खाली तोच शब्द उर्दूतही हवा असं सांगून. ते दुकान कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. ॲक्रिलिकची पाटी आली ती अशी: मराठीत ‘फिरस्ता आपांना’. फरिश्त्याचा फिरस्ता झाला. ज्या बाई चौदा महिने एका खाटेपासून हलल्या नाहीत त्यांना आम्ही भटक्या म्हणणार होतो. आणि उर्दू ओळ तर सगळी सुटी झालेली. उर्दूत अक्षरं एकमेकांना धरून उजवीकडून डावीकडे चालतात. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात टाकताना प्रत्येक अक्षर वेगळं पडलं आणि क्रमही उलटा झाला. आम्हा कुणाला उर्दू वाचता येत नाही. शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांना दाखवलं म्हणून कळलं. नाहीतर आपांच्या हातात आम्ही अर्थ नसलेल्या रेघोट्या ठेवल्या असत्या. आई ती पाटी बघून काही बोलली नाही, उलटी करून कपाटावर ठेवली.

मास्तरांनीच मला बर्तन बाजारामागचा जिना सांगितला.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला लेथ आणि पॉलिशची चाकं, दुसऱ्या बाजूला खिडकीशी उतरतं डेस्क. काका मराठी, तिसरी पिढी. आजोबांपासून शिक्के कोरणं हाच धंदा. खिडकीशी बसतात ते चाचा, पंचाहत्तरीच्या आसपासचे. चाचा कातिब आहेत. उर्दू पुस्तकं, पोस्टरं, लग्नपत्रिका पूर्वी छापण्याआधी हातानं लिहिल्या जायच्या, ते काम करणारा तो कातिब. इनपेज नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि कातिबांचं काम हळूहळू संपत गेलं. चाचांनी मग काकांकडे पाट्यांची अक्षरं लिहायला सुरुवात केली. त्यांच्या डेस्कवर बोरू होते. आपण ज्याला बोरू म्हणतो तोच, ते त्याला कलम म्हणतात. मी लहानपणी नानांना बोरूनं पाडव्याचं वहीपूजन लिहिताना पाहिलंय. तिरपा छाटलेला टोकाचा काप तोच, फक्त चाचांचा उलट्या बाजूला उतरता.

मी मजकुराचा कागद पुढे केला. चाचांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "पहले ये बताइए, हैं कौन?" मी सांगत गेले. दर दोन तासांची कूस, नळी, ‘आली?’, सगळं. त्यांनी मध्येच विचारलं, "सूरत लिखवानी है, सीरत या सिफत?"

आणि मग पाऊण तास शब्दावर गेला. त्यांनी जे सांगितलं ते इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण उर्दूतला हा जोडशब्दांचा प्रकार मराठी वाचणाऱ्याला आवडेल.

‘फरिश्ता’ला पुढे वेगवेगळी शेपटं लागतात. ‘फरिश्ता-सूरत’ म्हणजे चेहरा फरिश्त्याचा. हे गोड बाळाला म्हणायचं, किंवा ज्याच्या चेहऱ्यावरून आत काय आहे ते कळत नाही त्यालाही. ‘फरिश्ता-सीरत’ म्हणजे चारित्र्य फरिश्त्यासारखं. सीरत हे माणसाचं सगळं आयुष्य पाहून बोलायचं. आणि ‘फरिश्ता-सिफत’ म्हणजे फरिश्त्याचा गुण ज्याच्या अंगी आहे असा. ‘सिफत’ म्हणजे गुण. उर्दू व्याकरणात विशेषणालाही सिफतच म्हणतात. हे ऐकून मी अक्षरशः डेस्कवर पुढे वाकले. आपल्याकडेही विशेषण म्हणजे नामाचा गुण सांगणारा शब्द, हे चौथीत पाठ केलेलं. तिथे गुण आणि विशेषण या दोन्हीला एकच शब्द! मागचं शेपूट तेच ठेवून पुढचं नाव बदलता येतं. दरवेश-सिफत म्हणजे फकिरी वृत्तीचा. शैतान-सिफत म्हणजे काय ते सांगायला नको. आपण ‘साधुवृत्तीचा’ म्हणतो त्याच्या अगदी जवळचा हा सांधा आहे. फक्त आपल्याला शेवटी ‘चा’ की ‘ची’ ते ठरवावं लागतं, आणि यांना नाही. फारसीत लिंगभेदच नाही. फरिश्ता-सिफत इन्सान, फरिश्ता-सिफत खातून (म्हणजे बाई), शब्द जागचा हलत नाही. ‘देवमाणूस’पाशी मी ज्या काट्यावर अडले होते तो इथे उरलाच नाही.

मी विचारलं, मग नुसतं फरिश्ता का नको? चाचा म्हणाले, फरिश्ता ही मखलूकच, म्हणजे निर्मितीच, वेगळी, ती घडण माणसाची नाही. कुराणात फरिश्त्यांबद्दल सांगितलंय की अल्लाहनं दिलेल्या आज्ञेत ते कधी कसूर करत नाहीत. त्यांना नाही म्हणताच येत नाही. माणसाला येतं. म्हणून माणसाला फरिश्ता म्हटलं तर एका अर्थी त्याच्या मेहनतीचं मोल जातं. सिफत म्हटलं की माणूस माणूसच राहतो आणि त्यानं कमावलेला गुण तेवढा सांगितला जातो.

हा भेद मी आजवर इतका स्वच्छ ऐकला नव्हता. आपण देवमाणूस म्हणून माणसाला एकदम देवाच्या ओट्यावर बसवतो आणि मोकळे होतो. मग त्याला झोप येते, पाठ दुखते, घरी शाळेत जाणारा नातू असतो, हे विसरायला आपल्याला सोपं जातं.

घरी येऊन मी माझ्या सवयीनं मूळ शोधलं. ‘फरिश्ता’ फारसी, आणि त्याचा अर्थ पाठवलेला. आपल्या ‘प्रेषित’शी त्याचं रक्ताचं नातं आहे: फारसीतला पुढचा ‘फर’ आणि संस्कृतातला ‘प्र’ हे सख्खे, आणि मागे ‘इष्’ म्हणजे पाठवणं. अरबी ‘मलक’ आणि हिब्रू ‘मलाख’ यांच्या पोटातही निरोप नेणं आहे, आणि इंग्रजीतला ‘एंजल’ ज्या ग्रीक शब्दापासून आला तो ‘आंगेलोस’ म्हणजे निरोप्याच. एवढ्या भाषांनी या कल्पनेला नाव देताना पंख किंवा तेज पाहिलं नाही, ‘कुणीतरी पाठवलंय’ एवढंच पाहिलं. ‘प्रेषित’ मराठीत पैगंबरासाठी राखलेला, तो मी वापरू शकत नव्हते. पण दारात उभ्या राहिलेल्या आपा पहिल्या दिवशी काय म्हणाल्या होत्या ते आठवलं: "जी, एजन्सी से भेजा है."

दुसऱ्या दिवशी मराठी ओळ ठरवायला गेले. मी लिहून नेलं होतं, ‘देवासारख्या धावून आलेल्या आपांना’. काकांनी वाचलं आणि पट्टीनं ‘धावून’वर टकटक केलं. म्हणाले, "ताई, धावून येणारा एकदाच येतो. या तर रोज यायच्या." मी पाट्यांच्या दुकानदाराकडून शब्दाची दुरुस्ती घेतली, आणि ती बरोबर होती. मग ओळ झाली: ‘चौदा महिने रोज रात्री आमच्या नानांच्या उशाशी देवासारख्या उभ्या राहिलेल्या आपांना’. उभं राहणारा देव कुठला ते मराठी घरात सांगावं लागत नाही. तो अठ्ठावीस युगं हलला नाही म्हणतात.

आता कामाबद्दल. चाचांनी उर्दू ओळ माझ्यासमोर लिहिली. ही उर्दूची नस्तालीक लेखनशैली, अक्षरं उजवीकडे वरून डावीकडे खाली उतरत येतात, म्हणून एका ओळीलाही उंची जास्त लागते. काकांनी त्यासाठी पाटीचा खालचा भाग मोकळा सोडला होता. अक्षर केवढं असावं हे पट्टीनं मोजत नाहीत. त्याच बोरूनं एक चौकोनी ठिपका टेकवायचा, तो नुक्ता, आणि अक्षराची लांबी-उंची नुक्त्यांनी मोजायची. बोरू जाड तर नुक्ता मोठा, अक्षरही त्याच हिशेबानं मोठं. मोजमाप बाहेरून आणलेलं नाही, हातातल्या कलमातूनच निघालेलं. ‘फरिश्ता’ लिहिताना फे आणि रे जोडून आले. रे पुढच्या अक्षराला हात देत नाही, म्हणून तिथे किंचित जागा, मग शीन, ते, हे. शीनवर तीन ठिपके. ते पडले नाहीत तर शीनचा सीन होतो आणि शब्द बिघडतो. चाचांनी ते तीन ठिपके सगळ्यात शेवटी दिले, श्वास धरून.

खरी परीक्षा त्या तीन ठिपक्यांचीच असते, हे काकांनी दाखवलं. पितळेवर अक्षरं सोडून बाकी सगळीकडे लाखेसारखा थर देतात आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात ठेवतात. अक्षरांच्या जागी धातू खाल्ला जातो. पण ते पाणी फक्त खाली खात नाही, बाजूलाही खातं. दोन ठिपक्यांमध्ये जी पितळेची बारीक भिंत उरते ती दोन्हीकडून खाल्ली जाते, आणि वेळ जास्त झाला की तीन ठिपक्यांचा एक डाग होतो. काका दर थोड्या वेळानं पाटी काढून धुवायचे, भिंगातून बघायचे, पुन्हा ठेवायचे. खोली पुरेशी झाल्यावर ठिपक्यांच्या जागी त्यांनी ब्रशनं थर दिला आणि बाकीची अक्षरं आणखी खोल जाऊ दिली. मग काळा एनॅमल भरला, सुकल्यावर पॉलिश पेपरनं वरचा रंग घासून काढला, शेवटी लॅकर. घरी येऊन मी नानांच्या हिशेबाच्या भिंगानं पाहिलं. तीन ठिपके, तिन्ही वेगळे, कडा धारदार.

उणीवही सांगते, कारण रिव्ह्यू वाचून लोक जिना चढणार आहेत. नऊ दिवस सांगून अकरा लागले. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, माझा जीव टांगणीला होता, आणि फोन केला तर कुणी उचलत नाही, काम चालू असताना ते फोन घेतच नाहीत. मराठी ओळीतल्या ‘उशाशी’च्या वेलांटीजवळ एनॅमल जरा खरखरीत राहिलाय, बोटाला लागतो. देवनागरीचं अक्षर कॉम्प्युटरच्या फॉन्टमधलं आहे, आणि चाचांच्या ओळीशेजारी ते बिचारं दिसतं. देवनागरी बोरूनं लिहिणारा कुणी आता त्यांच्याकडे नाही. ही माझ्या मते खरी कमतरता आहे, आणि ती काकांची एकट्याची नाही. खोका मिळत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. बिल हातानं लिहिलेलं मिळतं. जिना काळोखा आहे, वयस्कर माणसांना नेऊ नका. चाचा दुपारच्या नमाजानंतरच येतात. उर्दू मजकूर असेल तर तीननंतर जा, रविवारी दोघंही नसतात.

वर्षश्राद्धाला आपा आल्या. जेवण झाल्यावर आईनं पाटी त्यांच्या हातात दिली. मराठी त्यांना बोललेली कळते, वाचता येत नाही. वहिनीनं वाचून दाखवली. मग उर्दू ओळ त्यांनी स्वतः वाचली, बोट उजवीकडून डावीकडे नेत. ‘सिफत’वर बोट थांबलं. म्हणाल्या, "सिफत लिखवाया, अच्छा किया. सिर्फ फरिश्ता होता तो मैं नहीं लेती. फरिश्तों को नींद नहीं आती बेटा. मुझे तो तीन बजे बहुत आती थी." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. रमजानच्या महिन्यात पहाटे चारला उठून ती आपांना दूध-पोळी द्यायची, आणि एकदा त्या भिंतीला टेकून उभ्या उभ्याच झोपलेल्या तिनं पाहिल्या होत्या. हात मात्र नानांच्या खांद्याखाली होता, वळवता वळवता.

निघताना मी काकांनी सांगितलेलं त्यांना सांगितलं: पाटीला पीतांबरी नको, चिंच नको, फक्त कोरडं सुती कापड, नाहीतर वरचं लॅकर जाईल.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. घरातली पितळी भांडी घासताना सवयीनं पाटीलाही चिंच लावली, चमक आली पण वरचा थर गेला, आता डाग पडायला लागलेत. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, घेऊन या, पुन्हा लॅकर मारून देतो, पैसे नकोत. मी आपांना कळवलं की मीच येऊन पाटी घेऊन जाते. त्या नको म्हणाल्या. इतक्या लांब कशाला, दर जुम्म्याला भांडी घासतेच, तिच्यावरूनही हात फिरेल.